तपासनीस नेमला, पुढे काय?

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेले भाषण)



बाप्पा विद्येचे दैवत. म्हणून आज शाळा, बालगृहे आणि ती तपासणाऱ्या सरकारी माणसाविषयी चार शब्द बोलतो.

आपण बडोदेकर. महाराज सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ साली ते साऱ्या राज्याला लागू केले, हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. पण सक्ती आली की हजेरी आली, आणि हजेरी आली की ती तपासणाराही आला. नुसत्या हुकुमाने शाळा चालत नाही, हे आपल्या आजोबा-पणजोबांनाही ठाऊक होते.

इंग्रजी मुलखात १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर शाळांवर इन्स्पेक्टर आणि त्यांच्या हाताखाली डेप्युटी नेमले गेले. आपल्याकडे लोक त्यांना ‘दिपोटी’ म्हणत. पण १८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर कमिशनला दिलेल्या निवेदनात या व्यवस्थेचे दुखणे नेमके सांगितले. दिपोटीच्या वर्षातून एका फेरीने काही साधत नाही, तपासणी निदान दर तीन महिन्यांनी व्हावी आणि मध्ये केव्हातरी न कळवताही जावे, असे त्यांचे म्हणणे होते. गावच्या अंमलदारांवर हे काम सोपवून भागणार नाही, कारण त्यांच्यामागे इतर कामे फार, हेही त्यांनी लिहिले.

आता आजचा कायदा पाहा. बाल न्याय कायदा २०१५, कलम ५४. मुले ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेला तपासणी समितीने दर तीन महिन्यांतून एकदा तरी भेट द्यायची. पथकात किमान तीन जण, त्यात एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी हवाच. अहवाल आठवड्याच्या आत द्यायचा. फुल्यांनी शाळांसाठी मागितलेली मुदत बालगृहांसाठी कायद्यात यायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली!

आम्ही सरकारी नोकरीतली माणसे. आतली बाजू आम्हाला दिसते. एकाच माणसाकडे तपासणी, निवडणूक, जनगणना, सर्वेक्षण आणि वरून आलेली तातडीची पत्रे. मग तो शाळेत जातो तो घड्याळ बघत. रजिस्टर पाहतो, सही करतो, चहा घेतो. भेट आधी कळलेली असेल तर भिंती रंगवलेल्या, हुशार मुले पहिल्या बाकावर आणि कच्ची मुले त्या दिवशी घरी. गुजरातेत २००९ पासून गुणोत्सव सुरू झाला. अधिकारी वर्गात बसून मुलांचे वाचन, लेखन, गणन पाहू लागले, हे चांगलेच झाले. पण एका दिवसाचा पाहुणा बाराही महिन्यांच्या तपासनिसाची जागा घेऊ शकत नाही.

आमच्या मते तपासनीस नेमताना चार गोष्टी पाहाव्यात. त्याच्याकडे दुसरे काम नसावे. त्याने न सांगता जावे. कागदाआधी मुलाशी बोलावे, आणि तेही शिक्षक किंवा अधीक्षक जवळ नसताना. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: त्याने लिहिलेल्या शेऱ्याचे पुढे काय झाले, हे पुढच्या भेटीत आधी पाहावे. नाहीतर ‘पाण्याची टाकी स्वच्छ नाही’ हा शेरा तीन वर्षे तसाच राहतो आणि पाणी मुलेच पितात.

आता आपल्याकडे वळू. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात, आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. आपल्यापैकी किती जण त्या बैठकीला जातात? आमचे मूल खासगी शाळेत, आम्हाला काय त्याचे, असे म्हणून चालणार नाही. आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईंचे मूल त्याच शाळेत शिकते. त्यांना बैठकीची तारीख सांगा, त्या दिवशी सुट्टी द्या. मंडळातल्या निवृत्त शिक्षिका आणि डॉक्टरांनी शाळेला विचारून महिन्याचा एक तास तिथे द्यावा. आणि एखादे मूल संकटात दिसले, तर १०९८ हा क्रमांक लक्षात ठेवा.

सरकारी तपासनीस तीन महिन्यांनी येईल. शेजारी रोज असतो. मखर सजवताना जितके बारकाईने पाहतो, तितकेच बारकाईने मुलांच्या शाळेकडे पाहू या.

गणपती बाप्पा मोरया!