पाचव्या क्रमांकाचे मोल

१९६२ साली जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत गुरबचनसिंग रंधावा यांनी डेकॅथलॉनचे सुवर्णपदक जिंकले. धाव, उडी आणि फेक यांच्या दहा कसोट्या दोन दिवसांत पार पाडावयाच्या, असा हा खेळ! त्या दहांपैकीच एक म्हणजे ११० मीटरांची अडथळ्यांची शर्यत. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये रंधावा त्या एकाच शर्यतीसाठी उभे राहिले. उद्घाटनाच्या संचलनात भारताचा ध्वजही त्यांच्याच हाती होता. अंतिम फेरीत १०६.७ सेंटिमीटर उंचीचे दहा अडथळे ओलांडून १४.० सेकंदांत ते पाचवे आले. कांस्यपदक अवघ्या तीन दशांश सेकंदांनी हुकले. पदकांच्या कोष्टकात या पराक्रमाला स्थान नाही. परंतु ऑलिंपिकमधील पाचव्याला जे राष्ट्र विसरते, ते पहिला कोठून घडविणार?