शस्त्रक्रियेचा ताळा

वर्गांत गणित सोडवून झालें कीं ताळा करून पाहिल्याखेरीज मी मुलांना पाटी पुसूं देत नसें. आजचा विषय आपणां सामान्य जनांस अवघड वाटेल. पण त्याचें मर्म या ताळ्यांतच आहे. हृदयाशीं जोडलेल्या रक्तवाहिन्यांतील जन्मजात दोष दुरुस्त केल्यावर, छाती मिटण्यापूर्वीं, काम बरोबर झालें कीं नाहीं हें आतां ध्वनीच्या साहाय्यानें पाहून घेतात.

एक उदाहरण घेऊं. फुप्फुसांत शुद्ध झालेलें रक्त चार शिरांवाटे हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्यांत यावें, ही निसर्गाची योजना. क्वचित् एखाद्या बालकाच्या या चारही शिरा उजव्या बाजूकडे जाऊन मिळतात. दोन कप्प्यांमधील पडद्यास छिद्र असतें, त्याच्याच आधारावर बाळ जगतें; आणि शिरांची वाट कोठें आवळलेली असेल, तर जन्मानंतर थोड्याच दिवसांत शस्त्रक्रिया करावी लागते. हृदय केवढें, तर बाळाच्या मुठीएवढें! तें थांबवून, रक्ताभिसरणाचें काम यंत्रावर सोंपवून, हृदयामागें एकत्र आलेल्या त्या शिरांचें तोंड डाव्या कप्प्यास शिवावयाचें. जोड किंचित् अरुंद राहिला कीं रक्त फुप्फुसांत तुंबतें. पूर्वीं असला दोष कित्येकदां बाळाची प्रकृति ढासळल्यावरच कळून येई.

योगायोग असा कीं, १९५३ च्या मे महिन्यांत फिलाडेल्फियास डॉ. जॉन गिबन यांनीं हृदय-फुप्फुसयंत्राच्या आधारें पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली; आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत स्वीडनमधील लुंड येथें डॉ. इंगे एड्लर व हेल्मुट हर्ट्झ यांनीं प्रतिध्वनींच्या योगें हृदयाची हालचाल टिपली. त्यांचें यंत्र उसनें होतें, आणि तें धातूंतील चिरा शोधण्याचें! कुंभाराकडचें मडकें आपण वाजवून घेतों, त्यांतलाच हा प्रकार.

हा ध्वनि ऐकूं येत नाहीं. आपले कान सेकंदास फार तर वीस हजार कंपनें ऐकतात; येथें तीं लक्षावधि असतात. हवेनें भरलेल्या फुप्फुसांतून मात्र तो पार होत नाहीं. अन्ननलिका हृदयाच्या अगदीं पाठीशीं असते. म्हणून भूल दिल्यावर एक बारीक नळी तोंडावाटे तींत सोडतात. शस्त्रवैद्यांचे हात पुढून, नळी मागून. हृदय पुनः चालूं लागलें कीं पडद्यावर रक्ताचा ओघ रंगांत दिसतो; नळीकडे येणारा बहुधा तांबडा, दूर जाणारा निळा. (यावरून शुद्ध-अशुद्ध रक्त समजूं नये, माझी प्रथम तीच चूक झाली.) जोडाशीं ओघाचा वेग फार वाढलेला दिसला, तर तेथें वाट अरुंद असल्याचा संशय येतो.

पण संशय आला म्हणून लगेच टांके उसवितां येत नाहींत. हृदय पुनः थांबवावें लागतें, आणि तो भार बाळासच सोसावा लागतो. शिवाय यंत्रावरून नुकत्याच उतरलेल्या हृदयाचा रक्तदाब नेहमींचा नसतो. त्यामुळें अडथळा आहे त्याहून कमी वा अधिक भासतो. येथें यंत्र चित्र दाखवितें, निर्णय माणसासच करावा लागतो.

आमच्या उदाहरणांत आणखी एक पेंच आहे. तान्ह्या बाळाच्या अन्ननलिकेंतील नळीच कधीं कधीं पुढल्या शिरांना दाबते, आणि जो अडथळा शोधावयाचा तोच उत्पन्न करते! रक्तदाब उतरूं लागला कीं नळी मागें घेतात. मग जंतुरहित वेष्टणांतलें दुसरें उपकरण शस्त्रवैद्य उघड्या हृदयावरच टेकवितो आणि जोड पुनः एकदां निरखून पाहतो. छाती मिटण्याचें काम त्यानंतरचें.