छत्तिसाव्या वर्षी पुन्हा वर्गात

(कार्यकर्त्यांच्या वार्षिक मेळाव्यात केलेलं भाषण)



मी पुन्हा कॉलेजात नाव घातलं तेव्हा तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी विचारलं, "अगं, एम.एस.डब्ल्यू. झालंय ना तुझं? मग आता हे कशाला?" सासऱ्यांनीही तेच विचारलं. त्यांनी फक्त "आता काय कलेक्टर व्हायचंय का?" एवढं पुढे जोडलं. आज मला बोलायला उभं केलंय ते या प्रश्नाचं उत्तर द्यायला.

मी शैक्षणिक तंत्रविज्ञान या विषयात एम.ए. करते आहे. नाव ऐकलं की कॉम्प्युटर डोळ्यापुढे येतो, माझ्याही आला होता. पण पहिल्याच सत्रात शिकवलं ते असं, की तंत्रविज्ञान म्हणजे यंत्र नव्हे. कोणाला शिकवायचं, काय शिकवायचं, कशाने शिकवायचं आणि ते शिकलं गेलं की नाही हे कसं तपासायचं, याची शिस्तशीर आखणी म्हणजे तंत्रविज्ञान. पाटी हेही एके काळचं तंत्रविज्ञानच. १९७५-७६ साली आपल्या देशात उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत दूरदर्शनचे कार्यक्रम दाखवले गेले, 'साइट' नावाचा तो प्रयोग. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन असे विषय होते. वर्गात तो शिकवताना उपग्रहाबद्दल पुष्कळ सांगितलं गेलं. मी विचारलं, गावातला तो एक संच सार्वजनिक जागी ठेवलेला, कार्यक्रम संध्याकाळचा. त्या वेळी गावातल्या बाया कुठे असायच्या? वर्ग हसला. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान मुलं-मुली आहेत ती. पण पुढच्या तासाला एका मुलीने हाच प्रश्न स्वतः होऊन पुन्हा काढला.

घरचं थोडं सांगते. रमाबाई रानड्यांना लग्नानंतर शिकताना घरातल्याच बायकांचा जाच झाला, हे आपण भाषणांत नेहमी सांगतो. मला जाच कोणी केला नाही. फीसाठी मात्र पाटल्यांकरता साठवलेले पैसे मोडले, आणि ते आईला अजून सांगितलेलं नाही. (अंकात छापून आलं की कळेलच.) मंगळवारी आणि गुरुवारी वर्ग असतो म्हणून नवरा स्वयंपाक करतो. त्याबद्दल आमच्या अख्ख्या इमारतीत त्याचं कौतुक होतं. उरलेले पाच दिवस कोण करतं हे कोणी विचारत नाही. मुलगी आठवीत आहे. आम्ही दोघी एकाच टेबलावर अभ्यासाला बसतो. संख्याशास्त्राची आकडेमोड कॉम्प्युटरवर कशी करायची हे मला तिने शिकवलं, आणि शिकवताना ती माझ्यावर वसकन ओरडते. मी तिच्यावर अशीच ओरडत होते हे त्यामुळे कळलं.

आता मुख्य गोष्ट. रॉबर्ट मेगर नावाच्या अमेरिकन लेखकाचं उद्दिष्टं कशी लिहावीत यावर १९६२ सालचं एक छोटं पुस्तक आहे. त्याचं म्हणणं साधं आहे. "तिला समजेल", "तिला जाणीव होईल" हे उद्दिष्ट नव्हे. शिकल्यावर ती काय करू शकेल, कुठल्या परिस्थितीत आणि किती चांगलं, ते लिहा. हे वाचलं आणि आपले तेरा वर्षांचे अहवाल डोळ्यांसमोर आले. "अमुक वस्तीत कौटुंबिक हिंसाचार कायद्याबाबत जाणीवजागृती केली. उपस्थिती ४०." बरं, मग? त्या चाळीस जणींपैकी किती जणींना संरक्षण अधिकारी कुठे बसतो हे सांगता आलं असतं? आपण कधी विचारलंच नाही. मी लिहिलेले अहवालही त्यातच आहेत, म्हणून बोलते.

तेव्हा मी प्रकल्पासाठी हाच विषय घेतला. २००५ चा कायदा. उद्दिष्टं नीट लिहिली : बाई संरक्षण अधिकाऱ्याकडे जाऊन घटनेचा अहवाल नोंदवू शकेल, दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज गेल्यावर पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागायला हवी हे सांगू शकेल, घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी त्यात राहण्याचा हक्क मागू शकेल. चार-चार मिनिटांच्या तीन चित्रफिती केल्या, आवाज माझाच. बारा जणींच्या मोबाईलवर पाठवल्या. दहापैकी नऊ गुण मिळाले.

त्या बारा जणींत एक भाजी विकणारी मैत्रीण होती. मोबाईल नवऱ्याचा. तिने दुपारी चित्रफीत पाहिली, पुसायची कशी ते तिला ठाऊक नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. रात्री त्याने पाहिली. तिसऱ्या दिवशी ती केंद्रावर आली तेव्हा डावा हात उचलत नव्हता. ती मला रागावलीसुद्धा नाही. म्हणाली, "ताई, तुम्ही घरी आला असतात तर बरं झालं असतं. घरी आलेल्या बाईला तो चहा विचारतो."

पुढचं सगळं रीतसर केलं. दवाखाना, संरक्षण अधिकारी, अर्ज. ती आज त्याच घरात राहते आहे, संरक्षणाचा आदेश हातात घेऊन. पण मार माझ्या चित्रफितीमुळे पडला, हे मला बाजूला ठेवता येत नाही. मारणारा तो होता, हे मला माहीत आहे. ही गोष्ट मी इतर बायांना शंभरदा समजावली आहे. स्वतःला समजावताना ती तितकी सोपी जात नाही.

आखणीच्या पहिल्या पायरीला 'अध्ययनार्थीचं विश्लेषण' म्हणतात. मी त्यात वय लिहिलं होतं, शिक्षण लिहिलं होतं, "घरात मोबाईल आहे" असंही लिहिलं होतं. मोबाईल कोणाचा, रिचार्ज कोण करतं, तो उघडायचा आकडा कोणाला ठाऊक आहे, रात्री तो कोणाच्या उशाशी असतो, हे लिहिलं नव्हतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या शंभरातल्या साधारण ५४ बायांकडेच त्या स्वतः वापरतात असा मोबाईल होता, आणि इंटरनेट कधीही वापरलेल्या बाया शंभरात ३३, पुरुष ५७. हे आकडे मी परीक्षेत लिहिले होते! वस्तीत काम करणाऱ्या बाईला ते आधी सुचायला हवं होतं.

मार्गदर्शकांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, शेवटच्या प्रकरणात 'संशोधनाच्या मर्यादा' म्हणून दोन ओळी लिही. मी नाही म्हटलं. ते तिसऱ्या प्रकरणात, रीतीच्या भागात लिहिलं आहे, पूर्ण सात पानं. नंतर साधन बदललं. आता चित्रकार्डं केली आहेत. ती बचत गटाच्या पेटीत, हिशेबाच्या वह्यांबरोबर राहतात, घरी कोणीच नेत नाही. बैठक संपली की अर्धा तास पत्ते वाटल्यासारखी वाटायची आणि प्रत्येकीने आपल्या कार्डावरच्या बाईला पुढे काय करायचं ते सांगायचं. मार्गदर्शकांनी विचारलं, "यात तंत्रविज्ञान कुठे आहे?" मी त्यांनीच पहिल्या सत्रात दिलेली व्याख्या वाचून दाखवली. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, चाचणीचे निकाल आण.

एक मागणी आहे, आणि ती इथेच करते. मला संस्थेने आठवड्यातून दोन संध्याकाळी मोकळ्या दिल्या, कारण मी जुनी आहे आणि भांडू शकते. वस्तीतल्या आपल्या दोन कार्यकर्त्या नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बी.ए. करत आहेत, आणि परीक्षेच्या दिवसांचा त्यांचा पगार आपण कापला. कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. नाही घेतलात तर मी घेईन.

कार्डांचे आठ संच मागच्या टेबलावर, चहाच्या शेजारी ठेवले आहेत. बारा क्रमांकाचं कार्ड अजून जमलेलं नाही, त्यातली बाई न्यायालयात आहे की रेशनच्या दुकानात हेच कळत नाही. पेन्सिली ठेवल्या आहेत. चूक दिसेल तिथे कार्डावरच लिहा.