माटुंग्याला रूळ बदलताना

रविवारी मध्य रेल्वेने जाणाऱ्याला एक वाक्य तोंडपाठ असते: डाउन जलद गाड्या माटुंग्याला धीम्या मार्गावर वळवल्या जातील आणि शीव, कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत थांबतील. मेगाब्लॉकच्या, म्हणजे दुरुस्तीसाठी मार्ग बंद ठेवण्याच्या, नावाने आपण बोटे मोडतो. पण माटुंग्यालाच का, हे कोणी विचारत नाही. जलद आणि धीम्या रुळांना जोडणारा तिरका मार्ग, क्रॉसओव्हर, तिथे आहे म्हणून!

क्रॉसओव्हर म्हणजे एकमेकांना जोडलेले दोन सांधे. सांध्याच्या तोंडाशी सुरीच्या पात्यासारखे निमुळते दोन रूळ असतात. रेल्वेतली माणसे त्यांना टंग, म्हणजे जीभ, म्हणतात. मोटर दोन्ही जिभा एकदम सरकवते. एक मूळ रुळाला चिकटते, दुसरी सुटते. चिकटली का, हे तपासायला मधे ५ मिलिमीटर जाडीचा तुकडा धरतात. तेवढी फट असताना सांधा लॉक होता कामा नये. आणि लॉक नाही, तर सिग्नल नाही.

पुढे खरी गंमत. एक रूळ दुसऱ्याला छेदतो तिथे चाकाची आतली कड जायला रुळात खाच ठेवावीच लागते. पायाखाली खडाड् वाजते ते चाक ही खाच ओलांडते म्हणून. तेवढ्यात ते भलतीकडे जाऊ नये यासाठी पलीकडच्या रुळाला आतून एक जादा रूळ, चेक रेल, लावलेला असतो. जत्रेत पोराची कॉलर धरावी, तसा तो जोडीच्या चाकाला आवरून धरतो.

एरवी वळणावर बाहेरचा रूळ थोडा उचललेला असतो. सांध्यात तसे करता येत नाही. सरळ जाणारी गाडीही त्याच स्लीपरांवरून धावते. म्हणून एकास बारा तिरपेपणाच्या सांध्यावर वळताना वेग सहसा ताशी ३० किलोमीटर, जास्त तिरप्या एकास साडेआठवर त्याहून कमी. मोटरमन रेंगाळत नसतो.

अशा जागा किती नाजूक, ते माटुंग्यानेच दाखवले आहे. १५ एप्रिल २०२२च्या रात्री माटुंग्याजवळ, मार्ग एकत्र येतात तिथे, गदग एक्सप्रेस पुदुच्चेरीच्या गाडीला घासली. तीन डबे घसरले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही.

तेव्हा श्रोतेहो, दारात उभे राहून बाटलीचे झाकणसुद्धा रुळांवर टाकू नका. जीभ आणि रुळाच्या फटीत ते अडकले, तर मागच्या गाडीचा सिग्नल लालच राहतो.