गाडीची काच अडते तेव्हा

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाला कोणी प्रवासाची हकिगत सांगते, कोणी फराळाचे नवे प्रकार सांगते. माझ्या वाट्याला मात्र गाडीच्या काचेचा विषय आला. चिटणीसबाईंना मी म्हटलेही, "अहो, हा काय मंडळात बोलायचा विषय झाला?" त्यावर त्या म्हणाल्या, "गेल्या पावसाळ्यात भर रस्त्यात आमच्या गाडीची काच तुम्ही वर चढवून दिलीत, तेव्हा हे नाही वाटलं ते!" मी निरुत्तर झाले. म्हणून आज तुमच्यापुढे उभी आहे. मी काही यंत्रविद्या शिकलेली नाही. जे अंगावर पडले आणि निस्तरावे लागले, तेवढेच सांगते.

आमची गाडी २००४ सालची. २०१८ च्या पावसाळ्यात माझी धाकटी बहीण फार आजारी होती आणि दर तीन आठवड्यांनी तिला उपचारांसाठी पुण्याहून मुंबईला न्यावे लागे. यांच्या डोळ्याचे ऑपरेशन नुकतेच झाले होते, त्यामुळे गाडी मीच चालवीत असे. जुलै महिन्यात असेच एकदा निघालो. तेव्हा टोलचे पैसे रोख देण्याची पद्धत होती. फास्टॅग सर्वांना सक्तीचा झाला तो २०२१ साली. नाक्यावर मी बटण दाबून काच खाली केली, पैसे दिले आणि काच वर घ्यायला गेले, तर ती जागची हलेना! मागच्या गाड्यांचे भोंगे सुरू झाले, म्हणून तशीच पुढे निघाले. लोणावळ्याच्या अलीकडेच पावसाने गाठले. बहीण मागच्या सीटवर शाल पांघरून पडली होती. पाण्याचे फवारे माझ्या खांद्यावरून थेट तिच्या अंगावर जात होते. टॉवेल लावून पाहिला, पिशवी लावून पाहिली. वाऱ्यापुढे काही टिकेना. घाट उतरेपर्यंत ती निथळत होती. दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला आणि उपचार आठ दिवस पुढे ढकलावे लागले. ताप त्या भिजण्यानेच आला असे डॉक्टर म्हणाले नाहीत; पण माझ्या मनातून ते काही केल्या जाईना.

परत आल्यावर गाडी दुरुस्तीला टाकली. "मोटर गेली," असे सांगण्यात आले. मोटर आणि काच उचलणारी मशीन दोन्ही बदलली आणि चार हजार सहाशे रुपये मोजले. बाराव्या दिवशी काच पुन्हा अडली! मग कोणीतरी एका वयस्क वायरमनचा पत्ता दिला. त्यांनी हत्यारांच्या पेटीला हातसुद्धा लावला नाही. मला म्हणाले, "बाई, बटण दाबून धरा." मी दाबून धरले. त्यांनी दार सावकाश उघडायला आणि मिटायला सुरुवात केली. दार अर्धे उघडले की काच थरथरे आणि चालू लागे. पूर्ण उघडले की थांबे. दार आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये बिजागरीपाशी एक रबरी नळी असते, तिच्यातून दारात वायर जाते. चौदा वर्षे दार उघडून-मिटून ती वायर आतल्या आत तुटली होती आणि तिची टोके कधी एकमेकांना टेकत, कधी सुटत. ते म्हणाले, "मोटर धडधाकट होती हो. तिच्यापर्यंत वीजच पोचत नव्हती." मजुरी घेतली दीडशे रुपये.

भगिनींनो, मला आज सांगायचे आहे ते एवढेच: काय बिघडले हे कळल्याशिवाय काही बदलू नका. आपण दूध नासले की आधी भांडे पाहतो, मग दूधवाल्याला बोल लावतो. गाडीच्या बाबतीत मात्र समोरचा सांगेल ते मुकाट्याने ऐकतो.

आता ही काच चालते कशी, ते थोडक्यात पाहू. अॅम्बेसेडर किंवा प्रीमियर पद्मिनी आठवते ना? दाराला हँडल असे, ते गरागरा फिरवले की काच खालीवर होई. बटणाच्या काचेची कल्पनाही तशी जुनीच. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने १९४० च्या अखेरीस अशा काचा आपल्या महागड्या गाड्यांना बसवल्या. पण त्या तेलाच्या दाबावर चालत. पुढे प्रत्येक दारात स्वतंत्र छोटी विजेची मोटर आली. दाराच्या पोटात ही मोटर असते, तिला दातेरी चाक असते आणि पुष्कळ गाड्यांत त्यावर एक पोलादी तार गुंडाळलेली असते. ती कप्प्यांवरून फिरते आणि काच ओढते. विहिरीवरचा रहाट ज्यांनी ओढला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. काचेच्या दोन्ही कडा रबरी खोबणीतून सरकतात. बॅटरी बारा व्होल्टची असते आणि बटण एका बाजूला दाबले की वीज मोटरमधून एका दिशेने जाते, दुसऱ्या बाजूला दाबले की उलट दिशेने. म्हणून तीच मोटर काच वरही नेते आणि खालीही आणते.

म्हणजे बिघाड चार-पाच ठिकाणीच होऊ शकतो: फ्यूज, बटण, वायर, मोटर, आणि तार किंवा खोबणी. यांतले नेमके कोणते, हे ओळखायला बऱ्याचदा पैसा लागत नाही; डोळे, कान आणि थोडा धीर लागतो.

पहिली गोष्ट. सगळ्याच काचा बंद पडल्या असतील, तर चार मोटरी एकदम जात नसतात. फ्यूज पाहा. फक्त मागच्या काचा चालत नसतील, तर चालकाच्या दारावरचे कुलपाचे बटण दाबले गेले आहे का ते पाहा. आमच्या एका शेजारणीने केवळ या बटणापायी दोन रविवार गॅरेजात घालवले. ऐकून हसू येते, पण त्यांना तेव्हा हसू आले नव्हते.

दुसरी गोष्ट. एकच काच अडली असेल, तर ती चालकाच्या बटणावर चालते का आणि त्या दाराच्या स्वतःच्या बटणावर चालते का, हे दोन्ही पाहा. एकावर चालते आणि दुसऱ्यावर नाही, तर मोटर निर्दोष आहे. दोष बटणात किंवा त्याच्या वायरीत आहे. बटणाच्या आतल्या तांब्याच्या पत्र्यांवर वर्षानुवर्षे काजळी धरते. ती साफ करण्याचा फवारा बाजारात मिळतो, आणि त्याने कित्येक बटणे पुन्हा चालू होतात. एक मात्र ध्यानात असू द्या. पुष्कळ जुन्या गाड्यांत इतर दारांची वीज चालकाच्या बटणांतूनच फिरून जाते. त्यामुळे मागची काच अडली तरी दोष पुढच्या बटणात असू शकतो.

तिसरी गोष्ट मला सर्वांत आवडते. संध्याकाळी गाडीतला छताचा दिवा लावा, इंजिन बंद ठेवून किल्ली फिरवा आणि अडलेल्या काचेचे बटण दाबा. दिवा किंचित मंदावला, तर वीज मोटरपर्यंत पोचते आहे. एक तर मोटर आतून अडली आहे किंवा काच कुठेतरी रुतली आहे. दिवा जराही हलला नाही, तर बहुतेक वीज वाटेतच अडते आहे. मग बटण दाबून धरून दार हळूहळू उघड-मीट करून पाहा, म्हणजे आमच्यासारखी तुटलेली वायर सापडेल.

चौथी गोष्ट कानाने ओळखायची. मोटरचा आवाज येतो पण काच हलत नाही, किंवा कटकट असा आवाज होऊन काच तिरकी होते, तर तार तुटली आहे किंवा काच धरणारा प्लॅस्टिकचा तुकडा फुटला आहे. तिथे मशीन बदलण्यावाचून बहुधा गत्यंतर नसते. दाराच्या पॅडवर मुठीने हलकेच ठोकले आणि काच चालू लागली, तर मोटरच्या आतले कार्बन झिजलेले असण्याचा संभव फार. आणि मुलांनी सारखी काच खालीवर केल्यावर ती थांबली, तर घाबरू नका. कित्येक मोटरींत तापल्यावर आपोआप थांबण्याची सोय असते. दहा-पंधरा मिनिटे थांबा.

पाचवी गोष्ट. काच चालते, पण रडतरखडत. इंजिन चालू केल्यावर बरी चालत असेल, तर बॅटरी तपासा. नाहीतर खोबणीतले रबर धूळ बसून सुकले आहे असे समजा. ओल्या फडक्याने खोबणी पुसा, सुकू द्या आणि सिलिकोनचा फवारा मारा. घरातले गोडेतेल किंवा इंजिनचे तेल कृपा करून लावू नका. तेलाने रबर खराब होते आणि धूळ अधिक चिकटते. पाच मिनिटांच्या या सेवेने मोटरवरचा भार हलका होतो.

दाराचे पॅड काढायची पाळी आली, तर थोडी सावधगिरी हवी. काच वर असेल, तर आधी ती रुंद चिकटपट्टीने चौकटीला पक्की बांधा, नाहीतर ती धाडकन खाली येते. हात आत घालण्यापूर्वी बॅटरीची ऋण बाजूची वायर सोडा. पत्र्याच्या कडा विळीसारख्या असतात, म्हणून जाड हातमोजे घाला. ज्या गाडीच्या दारात एअरबॅग असेल, तिचे दार स्वतः उघडू नका. ते जाणकाराचे काम. वायर तुटलेली सापडली, तर नुसती पिळून वर पट्टी गुंडाळू नका. पुन्हा पहिल्या पावसाला तोच खेळ. थोडा जास्तीचा तुकडा मध्ये घालून डाख द्यावा आणि वर वेष्टण चढवावे, म्हणजे दार उघडताना वायरीला ताण बसत नाही. पॅडच्या मागे प्लॅस्टिकचा कागद असतो. तो निरुपयोगी समजून फेकून देतात. पण काचेवरून दारात शिरलेले पाणी तोच अडवतो. तो जसाच्या तसा चिकटवा आणि दाराच्या तळाची भोके मोकळी आहेत ना, हेही पाहून घ्या.

वाटेत पावसात काच खाली अडली, तर काय करावे? एकीने बटण दाबून धरावे आणि दुसरीने काचेच्या दोन्ही बाजूंना तळहात टेकवून ती सरळ वर ओढावी. पुष्कळदा येते. ही युक्ती त्या जुलैत मला ठाऊक असती तर!

आता शेवटचे आणि महत्त्वाचे. काच अडते ही गैरसोय खरी, पण कधी ती जिवावर बेतते. जुन्या गाड्यांत काचेखाली काही आले तरी काच मागे फिरत नाही. ती दाबतच राहते. म्हणून लहान मुले बसली असताना कुलपाचे बटण दाबलेले असावे, आणि किल्ली गाडीत ठेवून मुलांना एकटे सोडू नये. २६ जुलै २००५ चा मुंबईतला पाऊस आपल्यापैकी कोणी विसरले नसेल. त्या दिवशी काही जणांना बंद गाडीतच मृत्यू आला. पाणी चढू लागले की त्याच्या दाबाने दार उघडणे कठीण होते. अशा वेळी वीज शाबूत आहे तोवर आधी काच खाली करावी आणि बाहेर पडावे. म्हणून जी काच दहा वेळा दाबल्यावर एकदा उतरते, तिच्याकडे "चालतंय तेवढं चालू द्या" असे म्हणून दुर्लक्ष करू नये. काच फोडण्याची टोकदार हातोडी हाताशी असावी, आणि घाव बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात घालावा. समोरची काच तशी फुटत नाही.

इतके सांगून मी थांबते. माझी बहीण आज बरी आहे. ती पाहा, दुसऱ्या रांगेत बसली आहे आणि ताईचे बोलणे कधी संपते याची वाट पाहते आहे! पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आमची तीच जुनी गाडी मी मंडळाच्या अंगणात आणणार आहे. ज्यांना शिकायचे असेल त्यांनी एक विजेरी, एक स्क्रूड्रायव्हर आणि जुने हातमोजे घेऊन यावे. चहा मंडळाचा.