पाणी कोणाच्या हातचं?

जय भीम. आणि आमच्याकडे रविवारी चर्चच्या दारात म्हणतात तसा, सलाम.

मला श्रद्धा आणि चारित्र्य या विषयावर बोलायला सांगितलंय. मी निवृत्त शाळामास्तर आहे, पाळक नाही, त्यामुळे बोलेन ते घरातलंच. आमचं घर नगरकडचं. पणजोबा महारवाड्यातून मिशनच्या शाळेत गेले. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. तुमच्यातले बरेच जण आपापल्या घरातले पहिलेच आहात, म्हणून हे तुमच्यापुढे बोलायचं धाडस करतो.

योहानाच्या शुभवर्तमानात चौथ्या अध्यायात एक गोष्ट आहे. भर दुपारी येशू दमून याकोबाच्या विहिरीवर बसलाय. शिष्य गावात खायला आणायला गेलेत. एक शोमरोनी बाई पाणी भरायला येते. शोमरोनी म्हणजे यहुद्यांच्या लेखी बाटलेले लोक. येशू तिला म्हणतो, मला प्यायला पाणी दे. बाई चकित होते. तुम्ही यहुदी, माझ्याकडे पाणी कसं मागता? पुढे खुलासा येतो की यहुदी शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत. काही अभ्यासक त्याचा अर्थ लावतात तो असा, की ते भांडीसुद्धा एकत्र वापरत नसत.

लहानपणी संडे स्कूलमध्ये ही गोष्ट आम्हाला तिचे पाच नवरे आणि तिचा पश्चात्ताप एवढ्यावरच शिकवली. आधी पाणी त्यानं मागितलं, हे कोणी सांगितलं नाही. मला ते कळलं महाडचा इतिहास वाचताना. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर आपल्या लोकांनी पाणी मागितलं नाही, ओंजळीनं घेतलं. तो हक्क होता. विहिरीवरची गोष्ट दुसऱ्या बाजूची आहे. ज्याला वरचा समजतात त्यानं आपल्या घशाची कोरड कबूल करायची आणि हात पुढे करायचा. देणं सोपं असतं हो. आम्ही नाताळात आमच्या इमारतीत झाडू मारणाऱ्या बाईंना दरवर्षी साडी देतो. वीस वर्षांत त्यांच्या घरी घोटभर चहा घेतलेला नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ वाचलं नसेल तर वाचा. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधल्या काळात त्यांचं सोवळं सुटत गेलं, आणि ते कसं सुटलं हे त्यांनी स्वतःला हसत हसत लिहिलंय. म्हणजे त्यांचं सोवळं आधी गेलं, बाप्तिस्मा नंतर झाला. आमच्याकडे उलटं झालं. बाप्तिस्मा आधी झाला आणि सोवळं मागाहून आलं, शिक्षण-नोकरीबरोबर.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना ठेवला. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर आहेत. १९८५ साली सूसाई नावाच्या चर्मकाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, धर्मांतरानंतरही तेवढंच मागासलेपण टिकतं हे दाखवा. आम्ही दाखवत आलो. तिरुचिरापल्लीच्या कॅथलिक दफनभूमीतल्या भिंतीबद्दल तुम्ही वाचलं असेल. २०१६ साली देशातल्या कॅथलिक बिशपांनी आपल्या धोरणपत्रात कबूलही केलं की चर्चमध्ये जात आहे.

त्या भिंतीवर मी भाषणं केलीत. टाळ्याही घेतल्यात.

मग दीड वर्षापूर्वी रात्री जेवताना माझी मुलगी म्हणाली, पप्पा, एक मुलगा आहे. बँकेत आहे, ख्रिस्ती आहे, चर्चमध्ये गातो. मी पहिला प्रश्न काय विचारला असेल? ‘मूळचे कोण?’ आमच्यात हा प्रश्न सगळ्यांना कळतो. ती म्हणाली, मांग. मी भाकरीचा तुकडा मोडत राहिलो. मंडळींनी वाटीत उगाच आमटी वाढली.

मी नाही म्हणालो नाही. मी बायबल वाचणारा, बाबासाहेबांचं नाव घेणारा माणूस, नाही कसं म्हणेन? मी म्हणालो, ‘बघू.’ मग त्याची नोकरी पक्की होऊ दे म्हणालो. मग तुझी परीक्षा होऊ दे. मग पावसाळा जाऊ दे. आठ महिने असे काढले. मुलगी एकदाही भांडली नाही, आणि मला तेच जास्त लागत होतं. चारित्र्य म्हणजे दारू-जुगारापासून लांब राहणं असं मी मुलांना तीस वर्षं शिकवलं. या ‘बघू’बद्दल कधी एक शब्द शिकवला नाही.

शेवटी आम्ही त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्या, भिंतीवर येशू आणि शेजारी अण्णाभाऊंचा फोटो. मुलाची आई तांब्या-पेला घेऊन बाहेर आली. माझ्यापर्यंत आली आणि थबकली. माझ्याकडे एकदा बघितलं आणि पेला मुलाच्या हातात दिला. त्यानं मला दिला. मी प्यायलो. पोहे खाल्ले, हवापाण्याच्या गप्पा मारल्या, निघालो.

परतताना रिक्षात मुलगी म्हणाली, ‘पप्पा, त्यांनी पेला स्वतः का नाही दिला, कळलं ना?’

कळलं होतं. माझं आठ महिन्यांचं ‘बघू’ त्या माउलीपर्यंत पोचलं होतं. मी तिच्या दारात बसलो होतो आणि परीक्षा तीच देत होती. आमच्या आजीला वाड्यावर वरून पाणी ओतायचे, हे ऐकत मी मोठा झालो. त्या दिवशी तिथं ‘ताई, तुम्हीच द्या’ एवढे तीन शब्द पुरले असते. ते तोंडातून निघाले नाहीत.

येत्या रविवारी उपासनेनंतर पुन्हा त्यांच्याकडे जातोय, तारीख ठरवायला. या वेळी त्या बाहेर यायच्या आधीच मी पाणी मागणार आहे.