सर्वसाधारण कसबाचा माणूस



अध्यक्षपदाचा मान दिलात, आभारी आहे. या खुर्चीत आधी बसलेल्यांची नावं पाहून दडपण येतं असं म्हणायची रीत आहे, तेव्हा तेही म्हणून टाकते. संयोजकांनी पत्रात बजावलं होतं की अध्यक्षीय भाषणात क्षेत्राचा आढावा असावा. तर आढावा असा : २०२४च्या पेटंट नियमांमुळे पेटंटचा वापर कळवायचा फॉर्म २७ दरवर्षी न भरता तीन वर्षांतून एकदा भरायचा झाला. पेटंट अर्जाच्या तपासणीची विनंती करायची मुदत ४८ महिन्यांवरून ३१ वर आली, आणि हे पुष्कळ अशिलांना अजून कोणी सांगितलेलं नाही. ज्यांनी सांगितलेलं नाही ते इथेच बसले आहेत. संपला आढावा. आता मला जे बोलायचं आहे ते बोलते. त्यासाठी मी बरीच वर्षं थांबले आहे, आणि अध्यक्षाला ‘आटोपतं घ्या’ अशी चिठ्ठी पाठवायचं धाडस कोणी करत नाही, हे मला ठाऊक आहे.

आपल्या १९७०च्या पेटंट कायद्यात एक माणूस राहतो. पेटंट रद्द करायची कारणं कलम ६४ मध्ये दिली आहेत, तिथे तो सापडतो. त्या क्षेत्रातलं सर्वसाधारण कसब आणि सर्वसाधारण ज्ञान असलेला, भारतातला माणूस. पेटंटचं स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचा लेखी तपशील, वाचून त्याला ती वस्तू बनवता आली पाहिजे. नाही आली, तर पेटंट रद्द होऊ शकतं. पेटंट एजंटच्या परीक्षेसाठी आपण सगळ्यांनी तो पाठ केला. त्यानंतर तो कोणाला भेटला का?

मला भेटला. तो सांगलीला राहतो.

मुंबईचं पेटंट ऑफिस अँटॉप हिलला जायच्या आधीची ही गोष्ट आहे, लोअर परळला सन मिल कंपाउंडमध्ये होतं तेव्हाची. हे गृहस्थ हळद पॉलिश करायचे ड्रम बनवत. हळद काहिलीत पाण्यात शिजवण्याऐवजी वाफेवर शिजवायचं यंत्र त्यांच्या डोक्यात होतं. पाठकोऱ्या कागदावर काढलेलं चित्र घेऊन ते माझ्याकडे आले. शोध घेतला तर कंदमुळं वाफवायच्या उपकरणाचं एक जुनं अमेरिकन पेटंट निघालं, कधीच मुदत संपलेलं. ‘मग आता?’ म्हणाले. म्हटलं, आता हे तुमचं. फुकट. त्यांचा विश्वास बसेना. सरकारी कागद आणि फुकट, हे त्यांच्या अनुभवात बसणारं नव्हतं.

मी तो कागद त्यांना मराठीत वाचून दाखवायला घेतला. एका जागी त्यांनी मला हातानं थांबवलं. ‘मॅडम, हितं तळाला पाणी साठंल की. खालचा थर गिजगा हुईल.’ मी पान उलटलं. पुढच्याच परिच्छेदात त्या अमेरिकन संशोधकानं तळाशी पाणी काढून टाकायचा कॉक दिला होता आणि का दिला तेही लिहिलं होतं. सांगलीकर खुर्चीतच मागे रेलून हसले. ‘गडी कामाचा हुता,’ म्हणाले.

माझ्या व्यवसायात त्याहून मोठं समाधान मला मिळालेलं नाही. दोन कारागीर, एकाला दुसऱ्याची भाषा येत नाही, दोघांची भेट कधी होणं शक्य नाही. आणि तरी एकाची अडचण दुसऱ्यानं आधीच लिहून ठेवली होती. पेटंटचा सौदा तो हाच. जे शोधलंस ते उघड करून सांग, त्या बदल्यात ठरावीक वर्षं मक्तेदारी घे, मग ते सगळ्यांचं. आपल्याकडे आज ती मुदत २० वर्षं आहे.

त्याच दिवशी मी त्यांना अलीकडचं, इथलंच एक स्पेसिफिकेशन वाचून दाखवायला घेतलं. अर्ध्या पानानंतर ते चहा सांगायला म्हणून उठले ते परत बसलेच नाहीत. त्यात ‘रेझिलियंट बायसिंग मेंबर’ होता, ‘फ्लुइड कन्व्हेयिंग कंड्युट’ होती, ‘प्लुरॅलिटी’ तर ओळीओळीला होती. या कामावर पोट भरणाऱ्या मला, ते स्प्रिंगचं बिजागर लावलेलं झाकण आहे हे कळायला दुपार गेली.

माझी तक्रार ही आहे. आपण उघड करायचे पैसे घेतो आणि झाकायचं काम करतो.

लगेच उत्तर येईल. काल जेवणाच्या टेबलावर आलंच. ‘ताई, भाषा रुंद ठेवली नाही तर क्लेम अरुंद होतो, उद्या कोणी रबर लावून स्प्रिंग टाळली तर काय?’ अहो, क्लेम ठेवा की रुंद! क्लेमची, म्हणजे हक्काच्या हद्दीची, जागा वेगळी, वर्णनाची वेगळी. कलम १० मध्ये दोन्ही वेगळी सांगितली आहेत, आणि संशोधकाला माहीत असलेली सर्वांत चांगली रीत सांगायची असंही तिथेच आहे. आपण काय करतो? पुरणपोळीची कृती बारा पानं लिहितो आणि पुरण वगळतो. ते पुरण म्हणे ‘नो-हाउ’, लायसन्सच्या वेळी वेगळं विकायचं. एका सुनावणीत समोरच्या पक्षाच्या अतिशय नामांकित वकिलांना मी एवढंच विचारलं होतं, की तुमच्या स्पेसिफिकेशनवरून हा वॉल्व्ह कोणत्या तापमानाला उघडायचा ते सांगा. त्यांनी पानं चाळली. त्यांच्या मागे बसलेल्या खुद्द संशोधकानं उत्तर दिलं, आणि ते उत्तर कागदावर कुठेही नव्हतं. पुढचं मला फार बोलावं लागलं नाही.

पूर्वीचे लोक असं लिहीत नसत, असं सरसकट मी म्हणणार नाही. जुन्यातही भरपूर कचरा आहे. पण वॉल्टर हंटचं १८४९चं सेफ्टी पिनचं पेटंट काढून वाचा. एकच तार, मधे एक वेढा देऊन त्याचीच स्प्रिंग केलेली, टोकाला कडी. वाचून झालं की हातात तार घ्यावीशी वाटते. हंटनं ते पेटंट ४०० डॉलरना विकून टाकलं, तो भाग वेगळा. इलिनॉयमधल्या जोसेफ ग्लिडन या शेतकऱ्याचं काटेरी तारेचं पेटंट, १८७४. काटा एका तारेभोवती वळवायचा आणि दुसरी तार पीळ देऊन त्यावर घट्ट बसवायची, म्हणजे तो सरकत नाही. एवढंच. निम्म्या अमेरिकेला कुंपण पडलं ते या पिळानं.

आणि खेळणी! खेळण्यांचं पेटंट म्हटलं की आपल्यातले ज्येष्ठ मिशीत हसतात. औषधांची पेटंटं ती पेटंटं, बाकी पोरखेळ. मी सांगते, उत्तम वर्णन कसं लिहावं हे शिकायचं तर खेळण्यांकडे जा. एड हेड्रिकचं १९६७चं फ्रिस्बीचं पेटंट घ्या. तबकडीच्या पाठीवर वर्तुळाकार उंचवटे आहेत, ते हवेचा प्रवाह कसा मोडतात आणि त्यामुळे तबकडी कशी स्थिर राहते, हे तो सांगतो. ते वाचून आमच्या सोसायटीतल्या नववीच्या मुलीनं प्लास्टिकच्या ताटलीवर रबरी कडी चिकटवून पाहिली. लेगोच्या विटांचं पेटंट १९५८ साली डेन्मार्कमध्ये दाखल झालं. विटेच्या पोटातल्या नळ्या खालच्या विटेची बोंडं धरतात, ही त्यातली मेख. मुदत संपल्यावर कंपनीनं ट्रेडमार्कच्या दारानं तीच मेख पुन्हा बंद करायचा प्रयत्न केला. कॅनडाच्या सुप्रीम कोर्टानं २००५ साली तो हाणून पाडला. जे सांगून झालं ते सांगून झालं.

पण माझी लाडकी आहे लिझी मॅगी. १९०४ साली तिला ‘लँडलॉर्ड्स गेम’ या पटाचं पेटंट मिळालं. चौकोनी पट, कडेनं जमिनी आणि रेल्वे, एका कोपऱ्यात तुरुंग, एक फेरी पूर्ण झाली की १०० डॉलर मजुरी. ओळखीचं वाटतं ना? जमीनदारी माणसाला कशी पिळते हे दाखवायला तिनं तो खेळ केला होता. १९३५ साली चार्ल्स डॅरो नावाच्या गृहस्थांना मोनोपॉलीचं पेटंट मिळालं. पार्कर ब्रदर्सनी मॅगीबाईंचे हक्क ५०० डॉलर देऊन मिटवले, आणि पुढे कित्येक वर्षं जगाला सांगितलं गेलं की हा खेळ डॅरोंना सुचला. राल्फ ॲन्सपाक या प्राध्यापकानं ‘अँटी-मोनोपॉली’ नावाचा खेळ काढल्यावर त्यांच्याशी कज्जा झाला, आणि त्या कज्ज्याच्या तयारीत मॅगीबाईंचे कागद वर आले. बाईंनी जमिनी, तुरुंग, मजुरी सगळं नीट, स्पष्ट, चित्रासह लिहून ठेवलं होतं म्हणून. ‘प्लुरॅलिटी ऑफ स्पेसेस’ लिहून थांबल्या असत्या तर?

खेळाचा विषय निघाला आहे तर कलम ३ (एम) वरचा वादही मिटवून टाकते. खेळ खेळायच्या पद्धतीला आपल्याकडे पेटंट नाही. हे बरोबर की चूक यावर सकाळच्या सत्रात बरीच तोंडं सुटली. माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक अपूर्णांकांचा पट घेऊन आले होते. मी त्यांना म्हटलं, गुरुजी, नियम बाजूला ठेवा, लाकूड काय करतं ते सांगा. तर चुकीची सोंगटी त्या खाचेत बसूच नये अशी आतली पट्टी त्यांनी केली होती. ती पट्टी हा शोध. नियमांना कायद्यानं वगळलं हे उत्तम केलं. कलम ३ (के) मधल्या सॉफ्टवेअरचंही तेच. ‘प्रोग्रॅम’ हा शब्द न वापरता काय घडतं ते सांगा, असं मी प्रत्येक तरुणाला सांगते. ज्याला सांगता येतं त्याच्याकडे शोध असतो. तज्ज्ञ समित्या काहीही म्हणोत.

आता भाषेचं. नियमानुसार आपल्याकडे कागदपत्रं हिंदीत किंवा इंग्रजीत द्यायची असतात. मुंबई ऑफिसच्या हद्दीत महाराष्ट्र, गुजरात, गोवा येतात. मराठी, गुजराती, कोकणी माणसानं लिहायचंही परभाषेत आणि वाचायचंही. कायद्यातला तो सर्वसाधारण कसबाचा माणूस भोसरीत, इचलकरंजीत, कुडाळात आहे, आणि त्याच्यासाठी म्हणून लिहिलेला कागद त्याला वाचता येत नाही. सुरुवातच तशी आहे म्हणा. १८५६च्या कायद्याखाली पहिला अर्ज कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग या इंजिनिअरनं केला, पंखा ओढायच्या यंत्राचा. पंखा ओढणाऱ्याला तो वाचता येईल अशी अपेक्षा तेव्हाही नव्हतीच.

लिहिलेलं वाचता येण्याची किंमत काय, हे पाहायचं तर हळदीचं पेटंट आठवा. अमेरिकेत १९९५ साली दिलं गेलं, डॉ. माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरनं त्याला आव्हान दिलं, आणि १९९७ साली ते रद्द झालं. पुराव्यात संस्कृत ग्रंथ होते, १९५३चा एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेख होता. लिहून ठेवलं होतं म्हणून जिंकलो. त्यानंतर आपण पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल संग्रह उभा केला. आपलं ज्ञान इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश आणि जपानीत नेलं, कशासाठी? तर तिकडच्या एक्झामिनरला वाचता यावं म्हणून. चांगलंच केलं. पण उलट दिशेचा रस्ता? तिकडचं, मुदत संपलेलं, मोकळं झालेलं ज्ञान सांगलीच्या शेडपर्यंत आणायला आपण काय केलं? वर, जे पेटंट भारतात दाखलच झालं नाही ते इथे बनवायला आणि विकायला पहिल्या दिवसापासून मोकळं असतं, हेही कारखानदाराला कोणी सांगत नाही. सांगितलं तर तो फी कशाची देईल, असं एका सहकाऱ्यानं मला तोंडावर विचारलं होतं. ते आज आलेले नाहीत.

तिकडचं राहू द्या, आपलंच घ्या. स्वागतकक्षात शंकर आबाजी भिसे यांचा फोटो आहे, सकाळी हारही घातला. मुंबईचा हा माणूस. किराणा मालाचं वजन आपोआप करून देणाऱ्या यंत्राचा आराखडा लंडनच्या एका नियतकालिकाच्या स्पर्धेत पाठवून त्यानं बक्षीस मिळवलं, दादाभाई नौरोजींच्या पाठबळावर लंडन गाठलं, छपाईचे खिळे ओतणारी यंत्रं काढली, शेवटी न्यूयॉर्कला गेला आणि १९३५ साली वारला. त्याचं एखादं स्पेसिफिकेशन इथल्या किती जणांनी वाचलं आहे? हात वर करा. बरं, राहू द्या.

काही तरुण म्हणतील, आता फोन भाषांतर करतो, ड्राफ्टसुद्धा यंत्र लिहितं. मी परवा त्या बिजागराच्या झाकणाचा उतारा फोनला दिला. जी मराठी आली ती ऐकून आमच्या ऑफिसातला शिपाई म्हणाला, मॅडम, ही कोर्टाची नोटीस आहे का? मूळ इंग्रजीत झाकण नव्हतं, तर मराठीत कुठून येणार?

तेव्हा काम एवढंच. मुदत संपलेली, लहान कारखान्याला उपयोगी अशी पेटंटं निवडायची आणि सरळ मराठीत आणायची, ड्रॉइंगसह. शेतीची अवजारं, भाजीपाला प्रक्रिया, यंत्रमाग, खेळणी. निवड कोणी करायची, छापायची की नेटवर टाकायची, पैसे कुठून, हे कार्यकारिणीनं बघावं. समिती नेमलीत तर मला तिच्यात घेऊ नका, मी भांडते. आणि यापुढे प्रत्येक ड्राफ्ट दाखल करण्याआधी अशिलाच्या फिटरला एकदा वाचून दाखवायचा. नियम कसा करायचा ते मला माहीत नाही. मी माझ्या ऑफिसात तसं करते. फिटर दोन ठिकाणी तरी अडवतोच.

मराठीत आणायला ग्लिडनची तार मी घेते. सेफ्टी पिन कोणाला हवी ते चहाच्या वेळी सांगा. सोपं आहे म्हणून सगळे तीच मागतील; एकालाच मिळेल. लेगोच्या नळ्यांसाठी मात्र ड्रॉइंग वाचता येणारा माणूस हवा, आणि तो मागच्या रांगांत बसलेल्या कारखानदारांतून आला तर मला जास्त आवडेल.

पुढचं सत्र ट्रेडमार्कवाल्यांचं आहे. त्यांचा अर्धा तास मी वापरला आहे, परवानगीशिवाय. नोटीस पाठवायची असेल तर मराठीत पाठवा.